उकललेल्या उदाहरणांतली न लिहिलेली ओळ

माझी भाची दहावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती गणिताची वही घेऊन आमच्याकडे राहायला आली होती. तिची अडचण भूमितीतली होती, पण वही चाळताना माझी नजर वर्गसमीकरणांच्या एका उदाहरणावर अडकली. उदाहरण नेहमीचेच: दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ५६ आहे, तर ते पूर्णांक काढा. तिने लहान पूर्णांक क्ष मानला, क्ष² + क्ष − ५६ = ० हे समीकरण मांडले, अवयव पाडले आणि क्ष = ७ किंवा क्ष = −८ अशी दोन मुळे काढली. पुढची ओळ अशी होती: 'परंतु क्ष ऋण असू शकत नाही, म्हणून क्ष = −८ अमान्य.' उत्तर ७ आणि ८. शेजारी लाल शाईने बरोबरची खूण.

−८ आणि −७ हेही क्रमागत पूर्णांक आहेत आणि त्यांचाही गुणाकार ५६ होतो. मी तिला विचारले, "पूर्णांक ऋण का असू शकत नाही?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मावशी, उणे आलं की काटायचं असतं."

मुलगी हुशार आहे. पूर्णांक म्हणजे काय हे तिला सहावीपासून ठाऊक आहे. हे ठाऊक असूनही तिने एक खरे उत्तर काटले, आणि तेही आत्मविश्वासाने. ही सवय तिला कुठून लागली, ते पाहण्यासाठी मी तिचे उकललेल्या उदाहरणांचे पुस्तक मागून घेतले आणि दोन संध्याकाळी ते वाचून काढले. बीजगणित, सांख्यिकी, संभाव्यता अशी तिन्ही प्रकरणे. अशी पुस्तके मी शाळेत असताना वापरली होती, त्यानंतर कधी उघडली नव्हती. आकडेमोडीत चूक जवळजवळ नाही. छपाई स्वच्छ, पायऱ्या क्रमाने. तरीही वाचून झाल्यावर मन खट्टू झाले. प्रत्येक शाब्दिक उदाहरणात एक जागा अशी असते की जिथे गोष्टीचे गणित होते, किंवा गणिताचे उत्तर पुन्हा गोष्टीत आणून बसवावे लागते. विचार करायचा तो तिथेच. बाकीचे काम हात करतात. आणि या पुस्तकात नेमकी तीच ओळ एकतर गाळलेली होती किंवा मंत्रासारखी छापलेली होती.

'वय ऋण नसते', 'वेग ऋण नसतो', 'लांबी ऋण नसते' ही वाक्ये खरी आहेत. पण ती पन्नास वेळा वाचल्यावर मुलाच्या मनात 'वय', 'वेग', 'लांबी' हे शब्द पुसट होतात आणि 'ऋण नसते' एवढेच उरते.

आगगाडीचे एक उदाहरण घेऊ. एक गाडी ३६० किलोमीटर अंतर एकसारख्या वेगाने जाते. वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर तिला १ तास कमी लागला असता. तर गाडीचा वेग किती? समीकरण क्ष² + ५क्ष − १८०० = ०, मुळे ४० आणि −४५. पुस्तक सांगते, −४५ अमान्य, वेग ताशी ४०. उत्तर बरोबर आहे. पण हे −४५ आले कुठून? समीकरणाने ते हवेतून काढलेले नाही. मूळ समीकरणात क्ष च्या जागी −य घालून पाहा. जे नवे समीकरण मिळते ते एका वेगळ्या गाडीचे आहे: 'वेग ताशी ५ किलोमीटरने कमी असता तर १ तास जास्त लागला असता.' त्या गाडीचा वेग ताशी ४५. ताळा पाहा: ४५ च्या वेगाने ८ तास, ४० च्या वेगाने ९ तास. म्हणजे काटलेले मूळ हे आपल्या उदाहरणाच्या जुळ्या भावंडाचे उत्तर आहे. एकाच समीकरणात दोन्ही गाड्या बसल्या होत्या. आपण एकीची चौकशी केली आणि दुसरीला उतरवून दिले.

हे वर्गात सांगायला पाच मिनिटे पुरतात. मी भाचीला सांगितले तेव्हा ती लगेच वहीतल्या मागच्या उदाहरणांकडे वळली आणि काटलेल्या मुळांची गोष्ट शोधू लागली. सगळीकडे ती सापडत नाही, हेही तिने अर्ध्या तासात शोधले. ते ठीकच आहे.

मूळ स्वीकारायचे की सोडायचे, याचा निर्णय चिन्ह पाहून होत नाही, गोष्ट पाहून होतो. हे आपल्याकडे साडेआठशे वर्षांपूर्वी फार छान दाखवले गेले आहे. भास्कराचार्यांचे 'बीजगणित' ११५० च्या सुमाराचे. त्यात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या एक अष्टमांशाचा वर्ग एवढी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. कळप किती? मुळे येतात ४८ आणि १६. भास्कराचार्य दोन्ही ठेवतात. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ बरोबर ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ बरोबर १६. दोन्ही कळप संभवतात, मग एकाला हाकलायचे कशाला?

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या एक पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग एवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसले. मुळे ५० आणि ५. दोन्ही धन आहेत! आमच्या भाचीच्या नियमाने दोन्ही मान्य व्हावीत. भास्कराचार्य मात्र ५ नाकारतात. कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ उरतात. समीकरणाला त्याचे काही वाटत नाही, कारण −२ चा वर्ग ४ आणि त्यात १ मिळवला की ५ होतातच. पण 'उणे दोन माकडे' ही गोष्ट लोकांच्या प्रत्ययास येत नाही, असे कारण देऊन ते मूळ त्यांनी बाजूला ठेवले. म्हणजे उत्तर धन असूनही गोष्टीच्या मधल्या एका पायरीवर ते अडखळते, आणि ते कळण्यासाठी उत्तर पहिल्या वाक्यापासून गोष्टीत फिरवून आणावे लागते. ताळा म्हणतात तो हाच. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या मठात ही माकडे नक्कीच शिकवली गेली असतील. दहावीच्या वर्गात ती आणायला हरकत नाही.

सांख्यिकीचे प्रकरण वाचताना अडचण वेगळी आली. इथे गाळलेली ओळ सूत्रातच पुरलेली आहे. वर्गीकृत सारणीवरून बहुलक काढण्याचे सूत्र दहावीला आहे: सर्वाधिक वारंवारतेचा वर्ग शोधायचा, त्याच्या खालच्या मर्यादेत एक अपूर्णांक गुणिले वर्गांतर एवढी भर घालायची. अपूर्णांकाच्या अंशस्थानी बहुलकीय वर्गाची वारंवारता वजा आधीच्या वर्गाची, छेदस्थानी बहुलकीय वर्गाच्या वारंवारतेची दुप्पट वजा दोन्ही शेजाऱ्यांच्या वारंवारता. मुले हे पाठ करतात. ते कुठून आले ते पुस्तक सांगत नाही. ते आले आहे ते असे: लागोपाठच्या तीन स्तंभांच्या माथ्यांचे मध्यबिंदू घ्या, त्यांतून एक अन्वस्त जाऊ द्या, आणि त्या अन्वस्ताचा शिरोबिंदू जिथे येईल तो बहुलक. कोणी सांगितले की मुलांचे गुण किंवा शेतकऱ्यांचे उत्पन्न अन्वस्तावर बसते? कोणीच नाही. ते आपण मानले आहे.

मानायला हरकत नाही, पण मानल्याची किंमत किती, हे एकदा तरी पाहावे. मी मुद्दाम रचलेली सारणी देते. ३२ मुलांना शाळेत चालत यायला लागणारा वेळ, पाच-पाच मिनिटांच्या गटांत. ५ ते १० मिनिटे ३ मुले, १० ते १५ मिनिटे ५, १५ ते २० मिनिटे ७, २० ते २५ मिनिटे ३, २५ ते ३० मिनिटे ५, ३० ते ३५ मिनिटे ६, ३५ ते ४० मिनिटे २, ४० ते ४५ मिनिटे १.

आता एका शिक्षकाने दहा-दहा मिनिटांचे वर्ग ५-१५, १५-२५, २५-३५, ३५-४५ असे पाडले. वारंवारता ८, १०, ११, ३. बहुलकीय वर्ग २५-३५, सूत्राने बहुलक २६.१ मिनिटे. शेजारच्या तुकडीतल्या शिक्षिकेने त्याच मुलांचे वर्ग ०-१०, १०-२०, २०-३०, ३०-४०, ४०-५० असे पाडले. वारंवारता ३, १२, ८, ८, १. बहुलकीय वर्ग १०-२०, बहुलक १६.९ मिनिटे. मुले तीच, रस्ते तेच, सूत्र तेच, आणि उत्तरात सव्वानऊ मिनिटांचा फरक! याच दोन सारण्यांवरून मध्य काढला तर २२.८ आणि २२.५ येतो, मध्यक २३ आणि २१.२५. मध्य जवळजवळ हलला नाही, मध्यक थोडा हलला, बहुलक मात्र एका वर्गातून उडी मारून दुसऱ्यात गेला. आणखी एक मौज पाहा. पहिल्या शिक्षकाच्या २५-३५ या वर्गात खरी जास्त मुले वरच्या अर्ध्या भागात आहेत (३० ते ३५ मध्ये ६), पण सूत्र म्हणते बहुलक २६.१, म्हणजे वर्गाच्या तळाशी. कारण सूत्राला वर्गाच्या आतले काही दिसतच नाही. ते शेजारच्या १० कडे आणि ३ कडे पाहून अंदाज बांधते.

तीन मध्यवर्ती मापांपैकी कोणते किती हलते, हे मुलांनी स्वतःच्या वर्गाची माहिती गोळा करून अनुभवले तर बहुलक म्हणजे काय, ते त्यांना सूत्रापेक्षा चांगले कळेल. त्याऐवजी आपण उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत मागतो.

संभाव्यतेकडे वळते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये समसंभाव्य निष्पत्तींची व्याख्या आहे. व्याख्या आहे, पण उकललेल्या उदाहरणांत ती पुन्हा डोकावत नाही. नमुना अवकाशातले घटक मोजा, घटनेतले घटक मोजा, भागाकार करा, संपले. सर्व निष्पत्ती समसंभाव्य आहेत असे आपण मानले, ही ओळ कुणीही लिहीत नाही.

दोन नाणी एकदम फेकली. निष्पत्ती किती? पुष्कळ मुले प्रथम तीन सांगतात: दोन्ही छाप, दोन्ही काटे, एक छाप एक काटा. आणि प्रत्येकीची संभाव्यता १/३. आपण 'चूक' म्हणतो आणि चार निष्पत्ती फळ्यावर लिहून देतो. जरा दमाने घ्यायला हवे. द'आलंबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली, ज्ञानकोशातल्या आपल्या लेखात, दोन फेकींत निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता २/३ असावी असा युक्तिवाद केला होता. पहिल्याच फेकीत छाप पडली तर खेळ संपला, म्हणून त्याच्या मते निष्पत्ती तीनच. त्या तिन्ही सारख्याच सहज घडतात, असे त्याने न बोलता धरले, आणि तिथे तो चुकला. मुलाची चूक त्याच जातीची आहे. ती फळ्यावर चार जोड्या लिहून दूर होत नाही. एक रुपयाचे आणि एक पाच रुपयांचे नाणे मुलांच्या हाती देऊन शंभर वेळा फेकायला लावले, तर 'एक छाप एक काटा' ही निष्पत्ती सुमारे निम्म्या वेळा येते, हे दिसते. नाण्यांचे गणित नाण्यांना विचारूनच ठरते.

हे मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून जरा जोर देऊन सांगते, कारण निसर्गात अशाही वस्तू आहेत की ज्यांच्या बाबतीत वर्गातल्या त्या मुलाचे उत्तर बरोबर ठरते. १९२४ साली ढाका विद्यापीठात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी अशीच केली. दोन प्रकाशकण आणि त्यांना राहायला सारख्याच दोन जागा असतील तर शक्यता तीनच: दोन्ही पहिल्या जागेत, दोन्ही दुसऱ्या जागेत, एकेक दोन्हीकडे. आणि तिन्ही समसंभाव्य, प्रत्येकी १/३. 'हा इकडे, तो तिकडे' आणि 'तो इकडे, हा तिकडे' असे दोन प्रकार तिथे नसतातच, कारण प्रकाशकणांत 'हा' आणि 'तो' असा भेद नाही. बोस यांनी तो निबंध आइन्स्टाइनकडे पाठवला, आइन्स्टाइनने त्याचा जर्मन अनुवाद करून प्रसिद्ध केला. नाण्यांना १/४ आणि प्रकाशकणांना १/३. कागदावर मोजणी करून यातले खरे कोणते ते सांगता येत नाही. समसंभाव्यता हे जगाबद्दलचे विधान आहे आणि ते चूकही असू शकते.

आता त्या पुस्तकातले एक लाडके उदाहरण. बहुतेक शिक्षकांना ते तोंडपाठ असेल: लीप वर्षात ५३ रविवार असण्याची संभाव्यता किती? उकल: ३६६ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि २ दिवस. ते दोन दिवस रवि-सोम, सोम-मंगळ, मंगळ-बुध, बुध-गुरु, गुरु-शुक्र, शुक्र-शनि किंवा शनि-रवि. सातपैकी दोन जोड्यांत रविवार आहे. म्हणून २/७.

या सात जोड्या समसंभाव्य आहेत का? उदाहरण सोडवणाऱ्याने विचारले नाही, छापणाऱ्याने विचारले नाही. आणि गंमत अशी की इथे नाणी फेकण्याचीही गरज नाही. दिनदर्शिका हा माणसाने ठरवलेला नियम आहे, तो मोजून पाहता येतो. आपल्या इंग्रजी कॅलेंडरात शतकाचे वर्ष ४०० ने भाग जात असेल तरच लीप असते. त्यामुळे ४०० वर्षांत लीप वर्षे ९७. त्या ४०० वर्षांचे दिवस १,४६,०९७, आणि या संख्येला ७ ने नेमका भाग जातो. म्हणजे ४०० वर्षांनी तारखा आणि वार पुन्हा पहिल्यापासून जसेच्या तसे सुरू होतात. मग सगळा प्रश्न एवढाच उरतो की ही ९७ लीप वर्षे सात वारांत कशी वाटली जातात. ९७ ला ७ ने भाग जात नाही. म्हणजे काही न मोजताच सांगता येते की वाटणी समान होणार नाही!

भाचीने आणि मी मोजले. २००० हे वर्ष शनिवारी सुरू झाले, प्रत्येक चार वर्षांनी वार पाचने पुढे सरकतो, आणि २१००, २२००, २३०० या वर्षांपाशी साखळी तुटते एवढे लक्षात ठेवले की कागदाच्या एका पानावर मावते. लीप वर्षे रविवारी सुरू होतात १५, सोमवारी १३, मंगळवारी १४, बुधवारी १४, गुरुवारी १३, शुक्रवारी १५, शनिवारी १३. ५३ रविवार यायचे तर वर्ष शनिवारी किंवा रविवारी सुरू व्हायला हवे. १३ अधिक १५, म्हणजे २८. संभाव्यता २८/९७. पुस्तकाचे २/७ म्हणजे २८/९८. अगदी थोडक्यात हुकले! ५३ मंगळवार विचारले असते तर सोमवारची १३ आणि मंगळवारची १४ मिळून २७/९७ आले असते. १५८२ पूर्वीच्या ज्यूलियन कॅलेंडरात दर चौथे वर्ष न चुकता लीप असे, तिथे २८ वर्षांत सात लीप वर्षे सात वेगळ्या वारी सुरू होतात आणि २/७ नेमके खरे ठरते.

मग भाचीने एक प्रश्न विचारला, तो मला सुचला नव्हता. "यादृच्छिक वर्ष निवडायचं ते कुठल्या वर्षांतून? मी तर २३९६ पर्यंत जगणार नाही." आम्ही एकविसाव्या शतकापुरते मोजले. २००१ ते २१०० मध्ये लीप वर्षे २४. त्यांत ५३ रविवारांची २०१२, २०२८, २०४०, २०५६, २०६८, २०८४ आणि २०९६ ही सात. उत्तर ७/२४. एका उदाहरणाची तीन उत्तरे झाली, आणि तिन्हींच्या मागे एकेक न लिहिलेली ओळ.

फरक क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. २/७ म्हणजे ०.२८५७ आणि २८/९७ म्हणजे ०.२८८७. हे मला मान्य आहे. ३५ मिनिटांच्या तासात साठ मुलांपुढे ४०० वर्षांची मोजणी कोणी करावी असे माझे म्हणणे नाही. उकलीच्या सुरुवातीला 'वर्षाचा पहिला दिवस सातही वारी समसंभाव्य आहे असे मानू' एवढी एक ओळ छापायला मात्र काहीच खर्च नव्हता. ती छापली असती तर एखाद्या तरी मुलीने 'का मानू?' असे विचारले असते.

सुट्टी संपवून निघताना भाचीने चप्पल घालता घालता विचारले, "मावशी, परीक्षेत हे आलं तर काय लिहू?" मी म्हटले, "२/७ लिही. पण त्याच्या वर ती ओळ लिही." त्या ओळीकडे पाहून तपासणारे काय करतील, असे तिने पुढे विचारले. त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.